दुरुस्त केलेली होडी

चारकोपच्या कोळीवाड्यामागे धर्माकाकांची होडी ओंडक्यांवर टेकवून ठेवली होती. खाडी तिथून लांब, तिवरांच्या पलीकडे. मागच्या वर्षी एका मालवाहू बार्जने या होडीला धडक दिली, तेव्हा काकांचा मुलगा दिपेश तिच्यात होता. होडी सापडली. दिपेश सापडला नाही.

आता कोर्टात दावा चालू होता. बार्जवाल्या कंपनीचं म्हणणं, होडी आम्ही दुरुस्त करून दिली, मग नुकसान कसलं? दुरुस्तीनंतरही तिची किंमत किती घटली, ते ठरवायला कोर्टाने होड्यांची तपासणी करणाऱ्या रुचिराला पाठवलं होतं.

काम चोख होतं. नव्या फळ्या घट्ट बसलेल्या, फटींत राळ भरलेली. रुचिराने नखाने टोकरून पाहिलं, पण नाव ठेवायला जागा नव्हती. मग ती आत वाकली. तळाशी घोट्याएवढं पाणी होतं.

"काका, पाऊस तर नाही. हे पाणी कोणी भरलं?"

"कोन भरंल?" धर्माकाका तिवरांकडे बघत म्हणाले. "भरतीला येतं, ओहोटीला जातं."

रुचिराने होडीखाली हात घातला. लाकूड खडखडीत कोरडं, खाली धूळ. तिने डबा मागून पाणी उपसलं, तळ फडक्याने पुसून घेतला आणि सावलीत चहा घेतला.

परत आली तेव्हा पाणी पोटरीएवढं होतं. बोट जिभेला लावलं. खारट.

"गिऱ्हाईक आलं होतं का कोणी?"

"आला व्हता एक. आत उतरला नि तसाच पलाला."

म्हणजे बाजारात हिला किंमत नव्हती. रुचिरा म्हणाली, "काका, होडी पूर्ण गेली असं मी लिहिलं, तर सगळी भरपाई मिळेल. पण मग होडी कंपनीची होईल, ते ती घेऊन जातील."

काकांनी नव्या फळीवरून हात फिरवला.

"मंग नको लिहू, बाय. पैशे नको. ती इथंच ऱ्हाऊ दे."

एवढ्यात दिपेशची आई, सरूबाई, पदर खोचून होडीत चढल्या. पाण्यात पाय सोडून आडव्या फळीवर बसल्या.

"मावशी, उतरा ना."

"भरती हाय तवर बसते."

रुचिराचा हात होडीच्या काठावर होता.

मागच्या टोकाला ओंडका करकरला.

होडी तिकडे हळूच दबली. पाण्यातून कोणी वर चढावं, तशी.

सरूबाईंनी वळून पाहिलं नाही. त्या थोड्या सरकल्या आणि शेजारची फळी पदराने पुसली.