आल्फ हेस्केथची उशी

"आल्फ झोपेत गेला, आणि उद्या त्याचा खुनी म्हणून माझं नाव घेणार आहेत," टॉम स्केलहॉर्न म्हणाला.

डोरा टॅलेंटायरनं त्याच्यापुढं चहाचा मग सरकवला. केंडल गावातलं तिचं स्वयंपाकघर हेच तिचं ऑफिस. खासगी तपासाची कामं ती तिथूनच करायची. कोपऱ्यात पर्सी एअरी टोस्टला लोणी फासत होता. पोलिसातून निवृत्त झालेला, मनानं चांगला, डोक्यानं सावकाश.

टॉमनं सगळं सांगितलं. आल्फनं उभी हयात ग्लासगो-लंडन रस्त्यावर लॉरी हाकली. म्हातारपणी अ‍ॅटकिन्सन कंपनीची एक जुनी लॉरी घेऊन ती स्वतःच्या हातानं उभी केली. तिच्या केबिनमध्ये सीटांच्या मागं, या दारापासून त्या दारापर्यंत, आडवा बर्थ होता. शाप नावाच्या गावाजवळ डोंगरउतारावर जुन्या लॉऱ्यांचा मेळा भरला होता. काल, शनिवारी सकाळी, आल्फ त्या बर्थवर मेलेला सापडला. पायाशी गॅसची छोटी शेगडी जळत होती. विषारी धुरानं मेला, असं डॉक्टर म्हणाले. शेगडी टॉमनं बसवलेली.

"चुकीची बसवली होती?"

"नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळ्यांना आल्फनं धंदा शिकवलेला नसतो, बाई."

डोरानं गॅसच्या बाटलीचं विचारलं. शुक्रवारी संध्याकाळी, आल्फ मेळ्याला निघण्याआधी, टॉमनंच ती नवी लावली होती. एवढीशी बाटली, चहा उकळण्यापुरती; पेटती ठेवली तर अर्धी रात्रही पुरत नाही. काल पोलीस सार्जंट मॉसनं ती टॉमलाच काढायला लावली.

"एवढीशी, पण हाताला ओढ देत होती," टॉम म्हणाला. "वाटलं, माझाच हात गळाठलाय."

उद्या सोमवारी मृत्यूची चौकशी होती. आज संध्याकाळी मेळा मोडणार, लॉऱ्या पांगणार, गवत तुडवलं जाणार. डोरानं कोट घेतला.

मैदान वरच्या कुंपणापासून खालच्या ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं. उताराला आडव्या, फाटकाकडं तोंड करून लॉऱ्यांची रांग. आल्फची लॉरी रांगेच्या शेवटी होती, ड्रायव्हरचं दार ओढ्याकडं. सार्जंट मॉस पर्सीच्या हाताखाली वाढलेला, म्हणून त्यानं आत जाऊ दिलं.

बर्थ नीटनेटका होता. दोन्ही टोकांना पितळी हुक. उशीला नाड्या शिवलेल्या, आणि त्या ड्रायव्हरच्या बाजूच्या हुकांना घट्ट बांधलेल्या. मॉस म्हणाला, कशाला हात लावलेला नाही. डोकं त्याच उशीवर होतं, पायात नुसते मोजे.

"आणि बूट?" डोरानं विचारलं.

बूट सापडलेच नव्हते. मॉसला त्यात विशेष वाटलं नव्हतं.

पर्सी बर्थवर टेकला आणि खिशातलं सफरचंद काढून शेजारी ठेवलं. ते घरंगळत गेलं आणि उशीला अडलं. त्यानं ते उचलून चावा घेतला. "छान मऊ आहे हे," तो म्हणाला. बर्थबद्दल.

सगळ्यांनी आधी लेन गार्स्टँगकडं बोट दाखवलं असतं. तोही जुना ड्रायव्हर, आणि शुक्रवारी रात्री दारूच्या तंबूत आल्फशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. इंजिन पुसता पुसता तो म्हणाला की आल्फ हट्टी गाढव होता आणि त्याच्यासारखा दुसरा होणार नाही.

"भांडण कशावरून?"

"मी म्हटलं, इतकी जुनी सवय कशाला, पडलास की झोप. तो जिथं मुक्काम करील तिथं आधी बर्थवर तंबाखूचा डबा ठेवायचा. डबा घसरला की उशी सोडायचा आणि वरच्या टोकाला बांधायचा. रस्त्याकडेला लॉरी नेहमी कलती. डोकं खाली गेलं की माणूस आखडलेल्या मानेनं आणि रिकाम्या डोक्यानं उठतो, म्हणायचा. मग माझ्याकडं बघून म्हणाला, तू कसा झोपतोस ते दिसतंच आहे." लेनचा हात थांबला. "त्यावर मी त्याला नको ते बोललो. तेच शेवटचं."

चहाच्या तंबूत पेगी मार्चबँक भोंग्याला लाजवील अशा आवाजात हुकूम सोडत होती. सापडलेल्या वस्तूंच्या तिच्या खोक्यात एक छत्री, एक दातांची कवळी आणि एक जोडी जड बूट होते.

"वरच्या कुंपणाजवळ मिळाले," ती म्हणाली. "पाऊस आत जाऊ नये म्हणून पालथे घातलेले. तंबूत उतरलेलं कुणीतरी विसरलं असेल."

डोरानं शुक्रवारची रात्र कशी गेली ते विचारलं. जनरेटरनं डोकं उठवलं होतं, पेगी म्हणाली. दारूच्या तंबूला लागूनच तो पेट्रोलवर चालणारा जुना खटारा फटफटत होता. मेळ्याच्या अध्यक्षांचे पाहुणे कुरकुरले, मग कुणीतरी तो लांब ओढून नेला. सकाळी बघते तर पुन्हा जागेवर.

अध्यक्ष म्हणजे क्लाइव्ह रशवर्थ. स्वच्छ जाकीट, स्वच्छ नखं, आणि घरी अशा सात लॉऱ्या, त्याही स्वतः चालवतो, हे त्यानं विचारण्याआधी सांगितलं. आल्फबद्दल त्याला फार वाईट वाटत होतं. टॉमबद्दलही, पण हौशी माणसांनी गॅसला हात लावू नये.

"लॉरी इथंच होती?" डोरानं विचारलं.

"शुक्रवारी रात्री तो सगळ्यांच्या शेवटी आला, मीच हात करून जागा दिली. तेव्हापासून तसूभर हललेली नाही."

"आणि जनरेटर?"

"तोही नाही. लॉऱ्यांजवळ जनरेटर नको, हा नियम मीच केलाय."

डोरा एकटी वरच्या कुंपणापाशी गेली. काटेरी झुडपाची पानं एकाच जागी करपून तपकिरी झाली होती. खाली गवतावर तेलाचा डाग, आणि शेजारी जड चाकांच्या दोन खोल खुणा.

उन्हं कलली. आल्फची लॉरी ओढून न्यायला पोलिसांची गाडी फाटकातून आत आली. डोरानं मॉसला थांबवलं आणि सगळ्यांना आल्फच्या लॉरीपाशी बोलावलं.

"पर्सी, सफरचंद दे."

"खाल्लं."

पेगीनं एक उकडलेलं अंडं दिलं. डोरानं ते बर्थच्या मधोमध ठेवलं. ते डुगडुगत निघालं आणि उशीला टेकून थांबलं.

लेनचा चेहरा बदलला. "उशी खालच्या टोकाला आहे," तो म्हणाला. "आल्फची उशी खाली नसते."

"नव्हतीच," डोरा म्हणाली. "त्यानं ती बांधली तेव्हा हे टोक वर होतं. म्हणजे लॉरी उलट्या तोंडानं उभी होती. तो निजल्यावर कुणीतरी ती फिरवली. जिवंत माणूस अशानं जागा होतो. म्हणून ती फिरवली तेव्हा तो मेलेला होता."

डोरानं वरच्या कुंपणाकडं बोट दाखवलं.

"उभी कुठं होती, ते बूट सांगतात. आल्फ बूट खाली काढून वर चढला. लॉरी गेली, बूट कुंपणाजवळ राहिले. आता शेगडी. मॉस, बाटली तोलून बघ, अजून जवळजवळ भरलेली असेल. रात्री पेटवली असती तर पहाटेआधीच विझली असती. ती सकाळी पेटवली, मेलेल्या माणसाच्या पायाशी."

"मग तो मेला कशानं?" पर्सीनं विचारलं.

"जनरेटरनं. तो त्या रात्री कुंपणापाशी, आल्फच्या केबिनला खेटून चालू होता. झाडाची पानं करपली आहेत तिथं. रशवर्थसाहेब, तुमच्या पाहुण्यांना आवाज नको होता. मग तो आवाज आणि तो धूर ड्रायव्हरच्या उशाशी नेऊन ठेवला. ड्रायव्हरला काय, कुठंही झोप लागते."

रशवर्थ म्हणाला की हा निव्वळ तर्क आहे, जनरेटर कुणीही नेला असेल.

"नेला असेल. पण शुक्रवारपासून लॉरी हलली नाही, ही जागा मीच दिली, असं छातीठोक फक्त तुम्ही सांगितलंत. ते खोटं आहे हे उशी सांगते. आणि असं खोटं बोलायची गरज लॉरी हलवणाऱ्यालाच पडते. सकाळी सगळेच इंजिनं तापवतात, एक आणखी सुरू झालं तर कोण मान वळवतो?"

रशवर्थ टॉमकडं बघेना. "मी घाबरलो," शेवटी तो म्हणाला. "आल्फला झोपमोड नको होती म्हणून त्याला कुंपणाकडं जागा दिली होती. जनरेटर ओढला तेव्हा अंधार होता, लॉरी दिसली नाही. पहाटे बघितलं तर तो थंड पडलेला. मेळा कायमचा बंद झाला असता. तो अपघात होता, बाई."

"आल्फचा होता," डोरा म्हणाली. "टॉमचा नव्हता. शेगडी पेटवलीत तेव्हा ती कुणी बसवली हे तुम्हाला ठाऊक होतं. एका माणसाला तुम्ही चुकून मारलंत. दुसऱ्याला दिवसाढवळ्या, शांत डोक्यानं गाडायला निघाला होतात. उद्याच्या चौकशीत त्याचं नाव अपघात नाही."

मॉसनं रशवर्थच्या कोपराला हात घातला. मैदानातले सगळे ड्रायव्हर बाजूला सरले.

टॉम केबिनमध्ये चढला. चढण्याआधी त्यानं बूट काढून पायरीखाली पालथे ठेवले. मॉसनं पुराव्याला हात लावू नको म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पर्सीनं त्याच्या पायावर पाय दिला.

टॉमनं अंडं खिशात घातलं. उशीच्या नाड्या सोडल्या, आणि ती वरच्या टोकाला, कुंपणाकडं, घट्ट बांधली.