बोडका शेंडा

येवल्याकडच्या गुणाबाई गायके यांच्या शेतात बाजरी दाण्यानं भरली होती, पण माळ्यावर गोफण घेऊन कुणी बसलं नव्हतं. पाखरं येत, घिरट्या घालत आणि निघून जात. कणसावरच्या बोटभर लांब, राठ कुसळांमुळे त्यांची चोच दाण्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

हे वाण डॉ. निरुपमा वैशंपायन यांचं. याच शेतात त्यांना कधी काळी केसाळ कणसाचं एकुलतं एक झाड सापडलं होतं. ‘जनुक-कातर’ वापरून, म्हणजे त्याच्या आनुवंशिक सूत्रात नेमक्या जागी बदल करून, त्यांनी ती कुसळं लांब आणि चिवट केली. आज पीक बघून त्या गुणाबाईंच्या ओसरीवर आल्या होत्या; त्यांनी होकार दिला की बियाणं राज्यभर जाणार होतं.

“पाखरं राखायची कटकट गेली बघा,” गुणाबाई म्हणाल्या. “माझ्या आवाजाला चिमण्या भीत नव्हत्या, नवराच भ्यायचा. बसा, चहा टाकते.”

त्या आत वळल्या, तशी त्यांच्या पदराआडून कात्री खाली पडली.

“हे काय, मावशी?”

गुणाबाई ओशाळल्या. ओसरीच्या आढ्याला, दर सुगीत टांगतात तशी, चिमण्यांसाठी कणसांची जुडी होती. “त्यांना खाताच येईना. मग शेंड्याची कुसळं तेवढी कातरते. खालचं आपलं, शेंडा त्यांचा. तुमच्या वाणाला नावं ठेवत नाही हं, बाई.”

एक चिमणी आली आणि कातरलेल्या शेंड्याला उलटी लोंबकळून दाणे टिपू लागली.

निरुपमाबाईंना वर बघवेना. असं बोडक्या शेंड्याचं कणीस याच वाणात आपसूक निघालं होतं. खाली कुसळं, वर मोकळे दाणे. मागच्या हंगामात इथली अशी झाडं त्यांनीच ‘भेसळ’ म्हणून उपटायला लावली होती. त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

फोन वाजला. त्यांचा सहायक होता. “मॅडम, होकार कळवू ना? सगळे खोळंबलेत.”

“थांब जरा.”

त्यांनी कात्री उचलून गुणाबाईंच्या हातात दिली.

“मावशी, मागच्या हंगामात उपटलेली ती बोडकी झाडं कुठं आहेत?”

“जाळली की! तुम्हीच उभ्या राहून जाळायला लावलीत.”

निरुपमाबाईंनी हळूच विचारलं,

“एखादं कणीस तरी… माझं न ऐकता ठेवलं होतं का हो?”