बत्तीस पिवळ्या टोप्या

कड्यावरून बस उतरायला लागून वीस मिनिटं झाली असतील. चौथ्या रांगेतला माणूस डोळे चोळत उठला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "बंदर आलं का हो?"

गाइडने वळून पाहिलं. तिची बस बंदराला जाणारच नव्हती.

एकटीने सांभाळलेली तिची ही पहिलीच सहल. बस मामाची, शिकवणही मामाची – चेहरे मोजू नकोस, चुकशील; टोप्या मोज. त्यासाठीच सगळ्यांना पिवळ्याधमक टोप्या वाटलेल्या. निघताना बत्तीस भरल्या आणि तिने ड्रायव्हरला हात केला. बत्तिसावी या झोपाळू गृहस्थाने ऊन लागतं म्हणून वरच्या टपरीवर विकत घेतलेली, हे तिला काय ठाऊक!

तिने हजेरी घेतली. निवृत्त मास्तरांची ओ आली नाही. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघा दुखरा, फोन पिशवीत आणि पिशवी बसमध्ये.

वरचा कठडा जेमतेम कमरेएवढा होता. तिला नेमकं तेवढंच आठवत राहिलं.

घाटात बस वळेना. प्रवाशांना पेट्रोल पंपावर बसवून ती वर माल घेऊन निघालेल्या टेम्पोत चढली, मागोमाग तो झोपाळू गृहस्थही. चूक माझीही आहे, म्हणाला. तो चष्मे बनवायचा. तिचं लक्ष वळवायला बहुधा, तो बोलतच सुटला – नावाजलेल्या जागांना जाण्यात अर्थ नाही, तासभर रांग लावायची आणि लोकांच्या माना बघून परत यायचं. ती वैतागली.

"मग आलात कशाला?"

"ताईने पाठवलं. दुकानात बसून माझं लग्न जमायचं नाही म्हणते."

"आणि इथे जमेल?"

"इथे मला साधी बस जमली नाही..."

ती हसली, आणि लगेच तिचं तिलाच अपराधी वाटलं.

वर सगळं रिकामं. बाक रिकामे, कठड्याशी कुणी नाही. तिने दोनदा हाक मारली. तिला कठड्यावरून खाली वाकून बघवेना. चष्मेवाला वाकला, क्षणभर तसाच राहिला... आणि त्याने हळूच तिला बोलावलं.

कठड्याला लागूनच खाली उतरणाऱ्या, आडोशाच्या पायऱ्यांवर मास्तर दरीकडे तोंड करून बसले होते.

"हॉर्न ऐकला होता मी," ते मान न वळवता म्हणाले. "आमच्या हिला फार यायचं होतं इथे. चाळीस वर्षं मी म्हणत राहिलो, गर्दीत काय ठेवलंय? आज गर्दी गेल्यावर घटकाभर बसावंसं वाटलं. माफ कर पोरी."

रागवायचं म्हणून ती पुढे झाली खरी. पण त्यांच्या शेजारी मटकन बसली. दरीतलं धुकं पायाशी येत होतं. चष्मेवाला पाठीशी उभा होता, आणि बराच वेळ त्याला कसलंच मत नव्हतं.

टेम्पो माल उतरवून परत निघाला. तिघं ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसले, मास्तर मधे. तिने मामाला फोन लावून सगळं सांगून टाकलं. सोमवारपासून ऑफिसात तिकिटं फाडायची, मामा म्हणाला. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

दोन वळणं गेली.

"त्या ऑफिसात कड्याची तिकिटं मिळतील ना?" चष्मेवाल्याने समोर बघत विचारलं.

"मिळतील. किती?"

"दोन. म्हणजे... दुसरं तुमचं. तुम्ही येणार असाल तर."

तिने तोंड खिडकीकडून वळवलं. "मला सुट्टी रविवारी, आणि तेव्हा फार गर्दी असते."

"असू दे. चाळीस वर्षं थांबायचा दम नाही माझ्यात."

 तिची बोटं ओढणीचं टोक गुंडाळत राहिली... आणि ओठांशी आलेलं हसू काही केल्या आवरेना.

मास्तरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"मी खिडकीशी बसतो," ते म्हणाले. "गुडघा अवघडलाय."