दाराखालची आठ भोकं

सिग्नल लाल झाला, बर्फवालीनं ब्रेक दाबला, गाडी थांबली. तिचा डावा पाय मात्र थांबला नाही. तो पायाखालच्या पत्र्यातून सरळ खाली गेला, आणि तिची टाच नि रस्त्याचं डांबर यांच्यामध्ये वीतभर हवा तेवढी उरली. तिनं पाय वर ओढला. पाय आला, चप्पल खालीच राहिली.

तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि मागच्यांनी हॉर्न बडवायला घेतले. हौद्यात बर्फाच्या बावीस लाद्या होत्या. या धंद्यात चपलेसाठी थांबणारा माणूस शेवटी पाणी विकतो. ती एका पायानं अनवाणी निघाली.

पिकअपचं वय कागदावर बावीस वर्षं होतं, पण पत्रा बघून कुणीही तिला शंभरी दिली असती. रोज बर्फ वाहायचा म्हणजे रोज पाऊस, आणि तोही खारा, कारण मासळीवाले लाद्यांवर मीठ मारून घेत. गाडी जिथे पाच मिनिटं उभी राही तिथे चिमण्या आंघोळीला जमत. एका गल्लीत म्हणे तिच्या ठिबकण्यावर लिंबाचं झाड वाढलं, आणि त्याची लिंबं झाडावरूनच गार निघतात. एवढं नका मानू. पण मागच्या मडगार्डमधून पलीकडच्या दुकानाची पाटी वाचता येत होती, हे मात्र खरं.

ती सरबताच्या दुकानासमोर लादी उतरवत होती, तेव्हा एक स्कूटर येऊन थांबली. स्कूटरवर एक उंच, हाडकुळा तरुण, आणि त्याच्या हातात तिची चप्पल.

"ही तुमची?"

"माझीच. द्या."

त्यानं दिली, पण तिच्याकडे न बघता. मान वाकडी करून तो उघड्या दारातून आत बघत होता.

"कधीपासून आहे असं?"

"चप्पल? गेल्या महिन्यात घेतली."

"पत्रा."

"तो आज गेला."

"आज नाही गेला. आज तुम्हाला कळलं."

त्यानं स्कूटरची किल्ली काढली आणि गाडीच्या कडेनं चालत, कान लावून, ठोकत निघाला. टण्ण… टण्ण… थप्प. पुन्हा थप्प. दाराखाली तर आवाजच आला नाही, किल्ली आत गेली.

"डॉक्टर आहात का?" तिनं विचारलं.

"पत्रेवाला. पुलापलीकडे मामांचं वर्कशॉप आहे ना, तिथे असतो." असं म्हणून त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. मग किल्ली खिशात घालायला गेला आणि दोनदा खिसा चुकला.

"वाचेल का?" ती म्हणाली.

"कोण?"

"गाडी हो."

"हां… गाडी. वाचेल. आरटीओचं पासिंग कधी आहे?"

"अकरा दिवसांनी."

तो पुन्हा वाकून गाडीखाली बघायला लागला. ते तिला फारसं आवडलं नाही.

कारण त्या अकरा दिवसांवर बरंच काही टांगलेलं होतं. बाबांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप केला, तेव्हापासून गाडी तीच चालवत होती. पहाटे कारखान्यातून लाद्या उचलायच्या आणि उन्हं चढायच्या आत गाव पालथं घालायचं. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तिला ओळखत होती. पण बाबांचा शब्द होता: या वेळी पासिंगला नापास झाली तर गाडी भंगारात, आणि लेक दादाच्या झेरॉक्सच्या दुकानात. दादा भला माणूस होता. दुकानात पंखाही होता. पण तिथे दिवसभर तेच ते कागद एकाच्या पाठीवर एक बाहेर पडत, आणि नुसता विचार केला तरी तिचे खांदे दुखायला लागत.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन वर्कशॉपवर गेली. मामा एका बसच्या पोटात शिरलेले होते, त्यांचे फक्त पाय भेटले.

"बाबा म्हणतात, भोकांत लांबीचा लगदा भरा, वरून रंग मारा, झालं," ती म्हणाली.

"नाही जमणार," पत्रेवाला म्हणाला. "गंज झाकला की थांबत नाही. आत बसून खातच राहतो. सडलेलं कापायचं, उरलेलं लोखंड पांढरं होईतो घासायचं, नवा पत्रा जोडायचा, मग प्रायमर, मग रंग. मामा बसमध्ये अडकलेत, म्हणजे मी एकटा. दोन हातांनी होणारं काम नाही हे."

"मग माझे धरा. चार झाले."

बसखालचे पाय हलले. "मुलीनं हिशेब बरोबर मांडला रे," पाय म्हणाले.

शेजारचा तीनचाकीवाला निम्मी गिऱ्हाइकं सांभाळायला तयार झाला. सकाळची फेरी त्याच्या तीनचाकीतून उरकायची, आणि मग वर्कशॉप. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, खाली गोणपाट अंथरलेलं, त्यावर दोघं शेजारी शेजारी उताणी. तारेच्या ब्रशनं वर घासायचं, आणि वरून लालसर पूड भुरभुर तोंडावर. पहिल्याच दिवशी ती घरी गेली तेव्हा बाबांनी तिला विचारलं, "कोण पाहिजे?"

"नुसतं घासताय तुम्ही," तो म्हणे. "कडेला घासा. गंज मधे दिसतो, पण राहायला कडेला असतो."

"तुमचे नातेवाईक दिसतात. सगळी खबर आहे."

"दहा वर्षांची ओळख आहे."

"आणि माणसांशी किती वर्षांची?"

तो बराच वेळ घासत राहिला. "माणसं… ठोकून बघता येत नाहीत."

ती हसली, पूड तोंडात गेली, ठसका लागला. त्यानं पाण्याची बाटली दिली. बाटलीवर त्याच्या चार बोटांचे लाल ठसे होते, त्यावर तिचे चार पडले. मग बाटली दोघांच्या मधे उभी राहिली, आणि त्या दिवशी दोघांनाही जरा जास्तच तहान लागली.

तिसऱ्या दिवसापर्यंत तिला प्रायमरचा वास आवडायला लागला. तो वास कुणालाही आवडत नाही. यावरून काय ते समजावं. चौथ्या दिवशी ती आरशात बघून, केस नीट बांधून, मग गंज घासायला निघाली. बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पेपरात घातलं.

पाचव्या दिवशी पत्रेवाल्यानं दाराखालची पेटी कापून उघडली. गाडीच्या दोन्ही अंगांना दारांखाली अशी एक पोकळ लोखंडी पेटी असते. तिला तळाशी भोकं असतात, आत शिरलेलं पाणी त्यांतून गळून जावं म्हणून. या पेटीत गंजाचा ओला गाळ भरला होता. गंज तळ खाऊन गेला होता. जो काही तळ उरला होता, त्यावर काळ्या कोटिंगचा जाड थर होता, आणि चार भोकं होती तिथे कोटिंग बोटानं नीट दाबून बसवलेलं. प्रत्येकावर अंगठ्याचा ठसा.

तो त्या ठशांकडे बघत बसला. मग पलीकडची पेटी उघडली. तिकडेही चार.

"काय झालं?" तिनं विचारलं. "तोंड का उतरलं?"

"ही गाडी… तीन वर्षांपूर्वी इथे आली होती? खालून काळा कोट मारायला?"

"आली असेल. तेव्हा बाबा चालवायचे."

त्यानं आपला अंगठा एका ठशावर टेकवला. बरोबर बसला.

"मी मारलाय," तो म्हणाला. "तेव्हा मामांनी मला पहिल्यांदाच एकट्याला काम दिलं होतं. एकही जागा सोडायची नाही म्हणून… ही भोकंही बुजवली. पाणी जायला वाटच ठेवली नाही. ही पेटी माझ्यामुळे सडली. वरचा पायाखालचा पत्राही तिच्यातूनच गेला."

हातातला ब्रश तिनं खाली ठेवला.

"तुमच्या बाबांना सांगायला हवं," तो म्हणाला.

"वेड लागलंय? बाबांना कळलं तर आजच्या आज गाडी ओढून नेतील. दुसरं वर्कशॉप सहा दिवसांत काय करणार?"

"पण—"

"सांग ना, पासिंग झाल्यावर सांग. मी कुठे नको म्हणते?"

"मग ते लांबी भरून रंग मारल्यासारखंच झालं."

"वा." ती गोणपाटावरून उठली. रागानं 'तू' कधी तोंडात आलं, तिला कळलंही नाही. "तुझं मन स्वच्छ होईल आणि मी झेरॉक्स काढत बसेन. चूक तू केलीस, नीतीही तूच सांभाळायचीस, आणि जाणार कुणाचं? माझं."

तो खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "खरं आहे. गाडी तुमची आहे, पोटही तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तसं. नको म्हणालात तर नाही सांगणार."

एवढं बोलून त्यानं ग्राइंडर चालू केला. ती तरातरा घरी गेली.

घरी जेवताना बाबा म्हणाले, "कसं चाललंय काम?" ती "चांगलं" म्हणाली, आणि न विचारताच त्यांना आमटी वाढली. दुपारभर तिनं स्वतःशीच भांडण केलं, आणि हरली. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, अंगठा त्याचाच होता आणि पुसणंही त्याच्याच हातात होतं. तरी त्यानं पुसला नाही. असल्या माणसावर चिडून राहायला बळ लागतं. तिच्यात तेवढं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी ती वर्कशॉपवर आली ती बाबांना घेऊनच. बाबा काठी टेकत आले, एका डब्यावर बसले.

"सांग," ती पत्रेवाल्याला म्हणाली.

त्यानं सांगितलं. सगळं, ठशासकट. बसखालचे पायसुद्धा बाहेर आले, आणि त्यांच्यामागून मामा आले. बाबांनी चष्मा लावून पेटीत पाहिलं.

"भोकं किती होती?"

"आठ."

"आणि बुजवलीस किती?"

"आठही."

"एकही सुटलं नाही?"

"नाही काका."

बाबांनी मामांकडे पाहिलं. "बघा. चुकीचं कामसुद्धा पोरानं अर्धवट नाही सोडलं. माझ्या पोरानं पंखा बसवला तर एक स्क्रू हमखास हातात उरतो." मग काठी आपटली. "कर पुरी. पण शब्द तो शब्द. साहेबानं नापास केली, तर तिथून परस्पर भंगारात. मग मला कुणी ठसे दाखवायचे नाहीत."

उरलेल्या दिवसांत बोलायला वेळच नव्हता. त्यानं पत्रे जोडले, तिनं घासले. पेट्यांच्या तळाला आठ नवी भोकं पाडून झाली, तेव्हा त्यानं तिला बोलावलं आणि वरून पाणी ओतलं. आठ धारा पडल्या. दोघं उकिडवी बसून त्या संपेपर्यंत बघत राहिली. बघण्यासारखं तसं काही नव्हतं.

पासिंगचा साहेब सुकलेला, चिडका माणूस होता. त्याच्याजवळ एक छोटी हातोडी होती आणि तिच्याशिवाय त्याचा कुणावरही विश्वास नव्हता. तो गाडीखाली वाकला. टण्ण. पुढे गेला. टण्ण. बर्फवाली एका खांबाला टेकून उभी होती, पत्रेवाला दुसऱ्या खांबाला. दाराखाली साहेबानं तीनदा ठोकलं. मग उठून गुडघे झटकले.

"कुणी केलंय काम?"

"यांनी," ती म्हणाली.

"आम्ही," तो म्हणाला.

साहेबानं शिक्का मारला.

फाटकाबाहेर पत्रेवाला म्हणाला, "सहा महिन्यांनी एकदा आणा. बघून देईन."

"आणेन," ती म्हणाली. तो स्कूटरवर बसून गेला, ती पिकअपमध्ये बसून गेली, आणि दोघांनाही वाटलं की समोरच्यानं काहीतरी बोलायला हवं होतं.

पुढचे आठ दिवस गाडीनं अजिबात साथ दिली नाही. कुठे खडखडली नाही, गळली नाही, साधा बोल्टसुद्धा सैल झाला नाही. बर्फवालीनं रोज फेरी संपली की चहूबाजूंनी गाडी ठोकून पाहिली. सगळीकडे टण्ण. नवव्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "सहा महिने म्हणालाय ना तो?"

"हो."

"सहा महिने माझ्याच्यानं हे सुस्कारे ऐकवणार नाहीत. तो स्वतः बोलेल म्हणून थांबू नकोस. पत्र्याचा माणूस आहे तो, तापायला वेळ लागतो. तूच जा."

दुसऱ्या दिवशी हौद्यात शेवटची लादी उरली असताना तिनं गाडी पुलापलीकडे घातली. पत्रेवाला पळतच बाहेर आला.

"कुठे आला गंज?"

ती काही बोलायच्या आत तो गाडीखाली गेलासुद्धा. त्याचे फक्त बूट दिसत होते.

"इथे तर काही नाही," गाडीखालून आवाज आला.

"माहीत आहे."

"पेट्या तुंबल्या?"

"आठही भोकं ठिबकतात. मी रोज मोजते."

"मग गाडी आणलीत कशाला?"

"गाडी आणायची नव्हती. मला यायचं होतं." तिनं फाळक्याला धरलं. "एकटी आले असते, पण मागे लादी वितळत होती."

खाली काहीतरी चासीवर आपटलं. लोखंड टण्ण वाजलं, डोकं थप्प. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

"आहेस ना?" ती म्हणाली.

"आहे… तोंड धुऊन येतो."

"नको. मी तेच बघत होते इतके दिवस."

तो बाहेर आला. कपाळावर टेंगूळ, गालावर काजळी.

"मी… आठ दिवस तुमच्या फेरीच्या रस्त्यानं स्कूटर नेतोय," तो शेवटी म्हणाला. "दोनदा तुमच्या मागेच होतो. फाळक्यावर पासिंगची नवी तारीख बघितली आणि परत फिरलो."

"हॉर्न द्यायचास."

"काय म्हणून?"

"बस गाडीत. लादी चालली."

सरबताच्या दुकानाच्या वाटेवर गिअर बदलताना तिचा हात तिथेच जरा रेंगाळला आणि त्यावर त्याचा आला. त्यामुळे पुढचे दोन चौक गाडी दुसऱ्या गिअरमध्येच गेली. दुकानातल्या काकू दारातच वाट बघत होत्या.

"आज उशीर? आणि हा कोण? नवीन गडी ठेवलास का?"

बर्फवालीनं लादीचं एक टोक धरलं, दुसरं त्याच्याकडे केलं.

"गडी नाही काकू, नवरा. अजून व्हायचाय, पण होईल." मग त्याला म्हणाली, "खालून धर रे नीट, निसटेल."

त्यानं खालून धरली. लादी थंडगार होती, हातातून पाणी ठिबकत होतं, आणि दुकानाच्या पायऱ्या चढताना त्याचा एक कान लालबुंद दिसत होता. काकूंनी समोरून दोन्ही कान बघितले. दोन्ही लाल होते.