ट्रॅक्टरची लाल मूठ

मातेच्या त्यागापुढे पर्वत झुकतात, सागर वाट देतात, प्रत्यक्ष काळही हात जोडून उभा राहतो! अमेरिकेत ॲन आर्बरबाहेरच्या त्या शेडमधला दोन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर मात्र त्या सकाळी कुणासाठीही जागचा हलायला तयार नव्हता.

सुमित्राबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. दोन बॅगा दाराशी, पासपोर्ट पर्समध्ये, आणि छातीत... छातीत वर्षभर दाबून धरलेला हुंदका! दुपारी डेट्रॉइटहून भारताचं विमान होतं आणि हे जाणं कायमचं होतं. पण बर्फाने घरापासून रस्त्यापर्यंतची लांबलचक वाट गुडघाभर बुजवली होती, बर्फ काढणारा माणूस फोन उचलत नव्हता, आणि ट्रॅक्टरने वाट मोकळी केल्याशिवाय गाडी बाहेर पडणार नव्हती. ज्या यंत्रापायी त्या मुलाच्या मनातून उतरल्या, त्याच यंत्रावाचून त्यांना आता जाताही येत नव्हतं!

मुलाने, श्रीरंगने, तो जुना ट्रॅक्टर हौसेने घेतला होता. त्याची धडधड ऐकली की त्याला इचलकरंजीतलं वडिलांचं वर्कशॉप आठवायचं. मागच्या जानेवारीत कुणीतरी घाईघाईने, इंजिन लवकर पेटावं म्हणून, आत ईथरचा स्प्रे मारला. थंडीत इंजिन आतून गरम करणाऱ्या, तापलेल्या ग्लो प्लगवर तो भडकला आणि पिस्टन फुटला. ते 'कुणीतरी' म्हणजे सून, दीपा. युनिव्हर्सिटीत तिचं प्रेझेंटेशन होतं, उशीर होत होता. त्या दिवसांत नवरा-बायकोचं भांडण वकिलाच्या पायरीपर्यंत पोचलेलं. सुमित्राबाईंनी सुनेचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "मीच मारला रे."

"बाबांची आठवण म्हणून एवढंच होतं माझ्याकडे!" श्रीरंग कडाडला होता. "तुला इंजिनातलं काय कळतं?"

ते विष त्यांनी एकटीने पचवलं! पुढे नवा पिस्टन आला, ट्रॅक्टर बरा झाला. मुलगा मात्र बरा झाला नाही. "गोळ्या घेतल्यास?" आणि "हीटर वाढवू?" एवढ्या दोन प्रश्नांवर त्याने वर्षभर आई सांभाळली.

शेडमधून आवाज आला... घर्र... घर्र... घ...

"बॅटरी मारणार हा," सुमित्राबाई पुटपुटल्या. साडीवर सुनेचं जाडजूड जॅकेट चढवून त्या बर्फातून वाट काढत निघाल्या.

"आई, आत जा," श्रीरंग मान वर न करता म्हणाला. "फ्लाइट उद्याची करून घेऊ."

"नको. आजच जाऊ दे मला..."

त्याने चावी पुन्हा फिरवली. बॅटरी या विषयात पीएच.डी. केलेला माणूस तो. समोर बॅटरी शेवटचे आचके देत असताना त्याला आईकडे बघायला सवड नव्हती.

सुमित्राबाईंची नजर इंजिनाच्या बाजूच्या लाल मुठीवर खिळली. क्षणभर जीव दोन्हीकडून ओढला गेला. गप्प राहावं, तर या घरात आणखी एक मुकी रात्र! हात घालावा, तर वर्षभर जपलेलं खोटं उघडं पडेल, सुनेचा संसार... शेवटी हात मनाच्या आधी पुढे गेला.

"ए, ती ओढू नकोस! इंजिन बंद करायची आहे ती!"

"बंद करायची?" सुमित्राबाईंनी डोळे विस्फारले. "रोज तू ही ओढून इंजिन बंद करतोस? तुझे बाबा त्या दिवशी जेवले नसते रे! ही ओढली की व्हॉल्व्ह उघडे राहतात, आतली हवा दाबली जात नाही, इंजिन हलकं फिरतं. गारठलेल्याला पहिल्याच दमात ओझं उचलायला लावायचं नसतं. ग्लो प्लग तापव. हं. आता फिरव."

त्यांनी मूठ ओढून धरली. मरायला टेकलेल्या बॅटरीने सुटकेचा निःश्वास टाकावा तसं इंजिन सर्रकन फिरू लागलं. सुमित्राबाई मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होत्या... "थांब... अजून तेल जड आहे... अजून थोडं..." आणि त्यांनी मूठ सोडली. धक्! धक्... धडधडधड! काळ्या धुराने शेड भरून गेली, सुमित्राबाईंचा चष्माही काळवंडला.

"तुला... तुला हे कुणी शिकवलं?"

"तू पुण्याला हॉस्टेलवर होतास तेव्हा बाबांचा खांदा मोडला. तीन वर्षं हात वर जात नव्हता त्यांचा. इंजिनांना हँडल कोण मारत होतं, वाटलं तुला?"

"फोनवर कधी बोलली नाहीस!"

"फोनवर तू जेवलास का विचारायचं, की हँडलचं सांगत बसायचं?"

श्रीरंगने मुठीकडे पाहिलं, मग आईकडे. "ज्या बाईला एवढं कळतं, ती तापलेल्या ग्लो प्लगवर ईथर मारेल? आई... तो स्प्रे तू मारलाच नव्हतास!"

"म्हातारपण रे... झालं असेल चुकून..."

"मी मारला होता, श्री." दारात दीपा उभी होती, डोळ्यांतून धारा वाहत होत्या. "आईंनी माझ्यासाठी अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. रोज ठरवायचे, आज सांगीन. रोज कॅन्सल केलं, यार..."

श्रीरंग तिच्याकडे वळला, पण सुमित्राबाईंचा हात आडवा आला. "तिच्यावर एक शब्द ओरडलास, तर मी डेट्रॉइटला चालत जाईन!"

त्या वाक्यासरशी तो उभाच्या उभा कोसळला. बर्फाने भरलेल्या त्या पावलांवर त्याने कपाळ टेकलं. शेजारी दीपाही वाकली. "वर्षभर तुला शिक्षा दिली मी, आई... कशाची? फ्लाइट कॅन्सल करतो! जाऊ नकोस! काय हवं ते माग, पण जाऊ नकोस!"

सुमित्राबाईंचा हात दोन्ही मस्तकांवरून फिरला.

"काही नको रे मला," त्या म्हणाल्या. "जरा माझा चष्मा पुसून दे. कुणाला माफ केलं तेच दिसत नाहीये."