ताईला उठवायचं होतं

सारखं तेच स्वप्न पडतं म्हणालीस ना पोरी, म्हणून सांगतो. तालीम संपलीये, कुणाला घाई नाही. बसा जवळ. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आपल्या नाटकांना पूर्वी एक जण मुखवटे करून द्यायचा. माझ्या चांगल्या ओळखीतला. चौदा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री साडेनऊला तो खोकं काखेत मारून इथंच आला, नवा मुखवटा पोचवायला. मी सामानाच्या खोलीत होतो. झाकण उघडलं आणि आधी "वा!" म्हणालो, मग दोन पावलं मागे सरलो. भुवया नाहीत, तोंड एका बाजूला ओघळलेलं, आणि नजर थेट आपल्यावर.

दिग्दर्शक म्हणाले, "अरे बाबा, हे तुला सुचतं तरी कुठून?"

"सुचतं असंच," तो म्हणाला. मान काही वर केली नाही.

साफ खोटं. त्याला कधी काही सुचलंच नव्हतं. स्वप्नं पडायची ती त्याच्या ताईला. आईवडील गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. दोघं दोन खोल्यांत राहायची. रोज रात्री तिच्या स्वप्नात खिडकीशी कुणीतरी यायचं, दरवेळी नवा चेहरा घेऊन. ती झोपेतच कण्हायची, बरळायची, "कान नाहीत याला... आत बघतोय..." आणि रोज झोपण्याआधी एकच विनवणी, "मी कण्हायला लागले की हलव हं मला. वाट बघू नकोस. माझी मला जाग येत नाही रे."

आधी हा लगेच हलवायचा. मग एकदा, चेहरा नीट कळावा म्हणून, मिनिटभर थांबला. तो मुखवटा लोकांनी असा डोक्यावर घेतला की विचारू नका. मग दोन मिनिटं थांबायला लागला. मग पाच. उशाशी वही घेऊन बसायचा, बेशरमासारखा. सकाळी ती विचारायची, "लवकर उठवलंस ना?" हा म्हणायचा, "लगेच, ताई."

या मुखवट्याचा चेहरा तिला दिसला त्या रात्री ती झोपेतच म्हणाली, "आत आलाय... भुवया नाहीत... उठव ना रे..."

तोंड कसं आहे ते अजून कळायचं होतं. हा थांबला.

तोंड कळलं. मग ती गप्प झाली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. यानं नुसती मान डोलावली. आणि ती गेल्यावर सोळाव्या दिवशी मुखवटा रंगवून इथं घेऊन आला.

सगळे पाठ थोपटत होते आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी गेला. ताईच्या खोलीत पाऊल टाकवेना. बाहेरच्या खोलीत, रंगाच्या डब्यांशेजारी अंथरूण टाकलं. दिवा चालूच ठेवला. बारा वाजून गेल्यावर कधीतरी डोळा लागला.

खिडकी दिसली.

तोच चेहरा. त्यानंच रंगवलेला.

एक पाय आत आला. मग दुसरा. हा ओरडायला जातोय... आवाज नाही.

आणि अंथरुणाची कड दबली.

कुणीतरी उशाशी येऊन बसलं होतं. झोपेतही त्याला कळलं, कोण ते. ती बघणार आता. मिनिटभर... दोन मिनिटं... पाच... शेवटपर्यंत.

बघू दे, त्याला वाटलं. बरोबरच आहे.

चेहरा त्याच्यावर वाकला.

घशातून कसंबसं एक कण्हणं फुटलं. एकच.

त्याच क्षणी खांदा धरला गेला. गदागदा हलवलं.

"ऊठ रे. स्वप्न आहे."

दचकून उठला. दोन वाजून दहा मिनिटं. दिवा चालू. दाराला आतून कडी.

कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. म्हणाला, "काका, तिनं गळा दाबला असता तर सोसलं असतं. ती थांबली नाही हो... एक क्षणसुद्धा थांबली नाही." लहान मुलासारखा रडत होता. मला त्याच्याकडे बघवेना. सगळ्यात आधी "वा!" म्हणणारा मीच ना.

मग त्यानं शर्टाची वरची बटणं काढून खांदा दाखवला. चार बोटं आणि अंगठा. निळेशार वळ. बाईच्या हाताचे.

मुका मार आठ-दहा दिवसांत जातो. याला सहा वर्षं झाली. परवा भेटला, तेव्हा मीच म्हटलं, बघू...

तसेच आहेत.