कपाळावरची वेळ

“तो माझ्या हाताखाली गेला आणि का गेला ते मला कळत नाही,” डॉक्टर ओवेन पर्टेल म्हणाला. थेल्मा रॅगटच्या कचेरीत येऊन त्याला अर्धा तास झाला होता, तरी समोरचा चहा त्याने तोंडाला लावला नव्हता.

थेल्मा वीस वर्षं अपघात विभागात परिचारिका होती. आता ती खाजगी तपास करायची. जोडीदार क्लाइव्ह ऑजर्स हा निवृत्त पोलीस. तो टिपणं चोख घ्यायचा, संशय मात्र बहुधा भलत्यावरच.

“कॅराडून फार्मवरून दोन वीसला फोन आला,” डॉक्टर सांगू लागला. “रोरी मिन्चिन, तेवीस वर्षांचा गुराखी. ओढ्याकाठी चारचाकी मोटरसायकल अंगावर उलटली, पाय चिरडला. आमचं हवाई रुग्णसेवेचं विमान तीन पाचला उतरलं, तेव्हा तो बेशुद्ध होता. मांडीवर रक्त थांबवायचा पट्टा आवळलेला होता आणि तो कधी आवळला ती वेळ कपाळावर लिहिलेली, दोन पंधरा. तासही झाला नव्हता. मी जखम दाबून बांधली आणि पट्टा सैल केला. तीन मिनिटांत हृदय थांबलं.”

“तासाच्या आत सोडला तर काही बिघडत नाही,” थेल्मा म्हणाली. “तुमच्या परिचारिकेची नोंद दाखवा.”

तिने ती मोठ्याने वाचली. “अंगाचं तापमान तेहतीस. कपाळाची कातडी घासून लाल, स्पिरिटचा वास. शर्टाच्या पाठीवर थिजलेली पांढरी चरबी. मृत्यूनंतर दहा मिनिटांनी चिरडलेल्या पायाचा बूट कापला. घोटा लाकडासारखा ताठ. दुसरा पाय मऊ.”

ती थांबली. “त्या दिवशी ऊन किती होतं?”

“एक्केचाळीस अंश.”

“रक्त गेलं की माणूस गार पडतोच की,” क्लाइव्ह म्हणाला.

“पडतो,” थेल्मा म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलली.

कॅराडूनचा व्यवस्थापक गार्थ वेंडेल अंगणातच भेटला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. “वाईट झालं हो. पण पोराला वेगाचं वेड. त्या दिवशी फार्म बघायला गिऱ्हाईक आलं होतं. दहापासून दोनपर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो. ते गेले आणि लेसने ही बातमी आणली.”

लेस ट्रँटर हा मुकादम. डोळे लाल. “मीच पट्टा आवळला. कपाळावर वेळही मीच लिहिली, प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात तशी. धाकट्या भावासारखा होता तो.”

“सकाळी कुठे होतात?”

“कुंपणावर. एकटाच.” मग जरा छाती काढून म्हणाला, “नवे मालक आले की इथला कारभार माझ्याकडे. वेंडेलसाहेब शहरात जाणार.”

क्लाइव्हला त्याची दया आली. त्याने त्याचा खांदा थोपटला.

स्वयंपाकीण आयव्ही नोलन बटाटे सोलत होती आणि चिडलेली होती. “त्या दिवसाचं नावच काढू नका, बाई! शहरातली बडी माणसं जेवायला आणि मी पानात वाढलं काय, तर डब्यातलं मांस! मागच्या शीतखोलीत अख्खा बैल टांगलेला. पण साहेबांनी सकाळीच कुलूप घातलं. म्हणे यंत्र बिघडलंय, जवळ फिरकू नकोस. बिघडलंच असणार, दुपारपर्यंत आतून धाडधाड आपटत होतं मेलं!”

“साहेब पाहुण्यांमधून उठले होते?”

“फक्त सव्वादहाला पाच मिनिटं. मग बूडच हललं नाही. लेसचं ताट मात्र मी झाकून ठेवलं होतं, तसंच राहिलं.”

थेल्माने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

“मेल्यावर दहा मिनिटांत घोटा लाकूड होत नाही,” ती म्हणाली. “आणि एकच पाय तर नाहीच. रक्त बंद करून चार-पाच तास झाले की जिवंत माणसाचाही पाय असा ताठतो. म्हणजे पट्टा दोन पंधराला नाही, दहाच्या सुमाराला आवळला.”

वेंडेल हसला. “बाई, काहीतरीच.”

“एक्केचाळीस अंशांच्या उन्हात, ओढ्याकाठी पडलेल्या माणसाचं अंग तेहतीसवर जात नाही. आणि पाठीवर चरबी थिजत नाही, वितळते. त्याला गारठ्यात ठेवलं होतं, बैलाच्या धडाखाली. विमान घराशेजारी उतरलं असतं. जखमी माणूस बघून गिऱ्हाईक बिचकलं असतं. म्हणून सव्वादहाला वेंडेलने कुलूप लावलं आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत फोन केला नाही.”

“मग कपाळावरची वेळ?” क्लाइव्हने विचारलं.

“लेसने आधी खरी वेळ लिहिली होती. वेंडेल दोनपर्यंत टेबलावर, लेसचा मात्र पत्ता नाही. कुंपणावर नव्हता तो. आत होता, रोरीजवळ. दोन वाजता उशीर लपवायला स्पिरिटने ती वेळ घासून काढली, नवी लिहिली आणि दोघांनी रोरीला परत ओढ्याकाठी नेऊन ठेवलं.” थेल्मा लेसकडे वळली. “एवढ्या तासांनी पट्टा सैल केला की मरत चाललेल्या पायातलं विष थेट हृदयात जातं. खरी वेळ वाचली असती तर डॉक्टरने पट्ट्याला हात लावला नसता. पाय गेला असता, रोरी वाचला असता. तुझ्या हातच्या दोन आकड्यांनी तो मेला.”

“मी त्याला पाणी पाजत होतो!” लेस किंचाळला. “हात धरून बसलो होतो! विमान निघालंय, असं सांगत होतो!”

“चार तास?”

लेस खाली बघू लागला. “आपटू नकोस, असंही सांगितलं त्याला.”

ज्या हाताने क्लाइव्हने या माणसाचा खांदा थोपटला होता तो त्याने पँटीला पुसला, पुन्हा पुसला. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने सुरे बघितले होते, बंदुका बघितल्या होत्या. असं गोड बोलून मारणं बघितलं नव्हतं.

“भावनेच्या भरात बोलतोय तो,” वेंडेल म्हणाला. “कोर्टात एवढ्याने काही व्हायचं नाही. आयव्ही, पाहुण्यांना चहा दे.”

आयव्ही उठली नाही. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

“यंत्र नव्हतं ते,” ती पुटपुटली. “मी तिकडे बघून शिव्या दिल्या. त्याला शिव्या दिल्या मी.”

सुरी टेबलावर ठेवून ती बाहेर गेली. सामान नाही, टोपी नाही. सरळ जाऊन त्यांच्या गाडीत मागे बसली.

क्लाइव्हने मागच्या सीटवरचे कागद सरकवले. “कुठे सोडू, आयव्ही?”

“जिथे जबाब लिहून घेतात तिथे,” ती म्हणाली. “आणि भरधाव चालवा.”